खोबरेल लावलेली क्लचप्लेट

नव्या क्लचप्लेटला मी खोबरेल तेल चोळलं. एका बाजूला नाही, दोन्ही बाजूंना. घाईतही नाही, अख्खी दुपार घालवून, धुतलेल्या फडक्याने, मन लावून. यात काय चुकलं हे ज्यांना कळलं नसेल त्यांनी लाजू नये. मलाही तेव्हा कळलं नव्हतं, आणि मी तर शास्त्र शाखेत एक वर्ष काढून, रीतसर नापास होऊन घरी आलेला माणूस होतो. क्लचप्लेट म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी चकती. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत लायनिंग रिव्हेटांनी ठोकलेलं असतं. एका बाजूने इंजिनाचं जड चाक आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगांचा दाब, अशा दोघांत ती घट्ट धरली गेली की इंजिनाचा जोर मागे गिअरबॉक्समध्ये जातो. म्हणजे तिचं सगळं काम कोरडं राहून धरून ठेवण्याचं. तिला तेल लावणं म्हणजे माडावर चढणाऱ्याच्या तळपायांना लोणी चोळून त्याला वर पाठवणं. पुढे पुन्हा परीक्षा देऊन मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घर्षणाचा धडा आला की माझा आवाज आपोआप खाली जायचा, आणि मुलांना वाटायचं सरांचा घसा बसलाय.

वसईजवळ गिरीजला आमची केळीची आणि पानवेलींची वाडी होती, आणि वाडीत एक करडा विलायती ट्रॅक्टर होता. तो माझ्याहून वयाने मोठा आणि घरात माझ्याहून जास्त मानाचा. बाबांनी तो एका बंद पडलेल्या तबेल्याच्या मालकाकडून आणला, आणि आणल्याच्या आठवड्यातच विहिरीवरचा रहाट मोडून त्याची लाकडं आयच्या चुलीत घातली. भातशेतीचे दिवस सोडले तर वर्षभर तो विहिरीजवळ एका जागी उभा असे. त्याच्या कुशीला एक पुली होती. तिच्यावर लांब पट्टा चढवायचा, पट्ट्याचं दुसरं टोक पंपावर, आणि मग पाणी पाटापाटाने केळींना, पानवेलींना, शेवटी आयच्या मिरच्यांना. पट्ट्याला एके ठिकाणी जोड होता. तो जोड पुलीवरून गेला की 'चट्ट' असा आवाज होई. सकाळभर ते 'चट्ट, चट्ट' घरात ऐकू यायचं, आणि आय त्यावर भाताला आधण ठेवायची, सुकट भाजायला घ्यायची, मला उठवायची. देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा दिवसातून ठरावीक वेळा व्हायची. आमचा पट्टा सारखा व्हायचा. (आमच्या घरातली बोली मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिली होती, तर गावातल्या दोन आळ्यांतून दोन वेगळ्या दुरुस्त्या आल्या, आणि दोन्ही आळ्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तेव्हा आय-बाबांना मी इथे शाळेतली मराठी बोलायला लावतो. ते मला माफ करतील. त्यांना सवय आहे.)

त्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि ट्रॅक्टर घसरायला लागला. म्हणजे इंजिन गरजायचं, धूर सोडायचं, आणि पट्टा मात्र रेंगाळायचा. चट्ट... आणि मग बराच वेळ काही नाही... आणि मग चट्ट. आय चुलीपासून ओरडायची, "याला काय झालं? म्हातारा झाला काय हा?" बाबांनी हरी मिस्त्रींना निरोप धाडला.

हरी मिस्त्री सातिवलीच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात राहायचे. पूर्वी भातशेती होती, मग गॅरेजात गेले, मग गॅरेज सोडून सायकलला गोणपाटाची पिशवी अडकवून गावोगाव फिरू लागले. बाबा त्यांना हरीभाऊ म्हणत, मी हरीकाका. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते दुसरा विषय काढत. बघायचं ते बोटांनी बघत. नट हातात घेतला की त्याचा आटा गेलाय का हे त्यांना डोळेवाल्यांच्या आधी कळे. बेअरिंग कानाशी धरून फिरवत आणि कपाळाला आठी पडली की समजायचं, ते गेलं. तपकीर मात्र अशी ओढत की नाकाचा उपयोग फक्त चष्मा ठेवायला उरला होता. वसईपासून विरारपर्यंत जुने विलायती ट्रॅक्टर जेमतेम पाच-सहा असतील. ते सगळे हरीकाकांच्या बोटांवर चालत असत.

ते आले, चाकाजवळ उकिडवे बसले, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथे खाली बोट फिरवलं, आणि म्हणाले, "दोनी सील गेलेत. इंजिनाचं तेल पन प्लेटवर, गिअरचं पन प्लेटवर. फोडायला लागंल."

"काय फोडायला लागेल?" आयने विचारलं. तिच्या हातात चहाचा कप होता.

"ट्रॅक्टर."

मिस्त्री लोकांचा तो रोजचा शब्द. क्लचपर्यंत पोचायला दुसरी वाट नसते. ट्रॅक्टर कमरेतून सोडवायचा, पुढचा भाग इंजिनासकट एकीकडे, मागचा भाग गिअरबॉक्ससकट दुसरीकडे. पण आयला ते काय ठाऊक! तिने कप खाली ठेवला, आत गेली, आणि घरातल्या आल्तारावरची, म्हणजे वेदीवरची, पवित्र पाण्याची बाटली घेऊन आली. हरीकाकांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे चाकासमोर नारळ फोडला, आयने बॉनेटवर पाणी शिंपडलं, बाबांनी टोपी काढून क्रूसाची खूण केली. मी तेव्हा नव्या विचारांचा असल्यामुळे बाजूला उभा राहून हसलो. या सगळ्या प्रकरणात त्या ट्रॅक्टरला अपाय न करणारी तेवढी तीनच माणसं होती, हे मला फार नंतर कळलं.

ट्रॅक्टर फुटताना मी पहिल्यांदा पाहिला तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. आंब्याखालची जमीन आम्ही चोपून सपाट केली. बॉनेट उतरलं, बॅटरी निघाली, स्टिअरिंगचे दांडे सुटले, वायरींना हरीकाकांनी वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधायला लावल्या. पुढचा आस मधल्या खिळीवर डुलता असतो. तो डुलला तर सुटं इंजिन बाजूला कलंडून माणसाच्या अंगावर येतं. म्हणून आस आणि इंजिन यांच्यामध्ये दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकल्या. "ह्या पाचरी इसरला तो मिस्त्री पुन्हा इसरायला उरत नाय," हरीकाका म्हणाले. इंजिनाखाली ओंडके, गिअरबॉक्सखाली जॅक, जॅकखाली जाड फळी. मग बोल्ट. शेवटचा बोल्ट निघाला. बाबा आणि मी मागच्या चाकांना धरून मागे ओढू लागलो. आधी काहीच झालं नाही. मग कुठेतरी आत 'टक्' असं वाजलं आणि त्या सलग लोखंडात केसाएवढी काळी रेघ दिसली. रेघेची फट झाली, फटीची वीत झाली, वितीचा हात झाला. लहानपणापासून ज्याला मी एक समजत होतो त्याचे दोन झाले, आणि मधल्या पोकळीतून जुन्या तेलाचा, जळक्या धुळीचा, वर्षानुवर्षं कोंडलेल्या अंधाराचा वास बाहेर आला. माझं हसू तिथे थांबलं. बाबांनी पुन्हा टोपी काढली होती.

जुनी प्लेट तेलाने चिंब होती. नवं लायनिंग मारलेली प्लेट हरीकाकांनी बरोबर आणली होती, पण दोन सिलांपैकी, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांपैकी, एक मापाचं निघालं नाही. ते मुंबईहून आणायला दोन दिवस लागणार होते. जाताना त्यांनी कागदात गुंडाळलेली प्लेट माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडं. नीट जपून ठेव."

जपून ठेव. आता आमच्या घरात लोखंड जपून ठेवण्याचा एकच अर्थ होता. समुद्र आमच्यापासून काही लांब नाही. रात्री राजोडीकडून खारं वारं सुटलं की सकाळी उघड्या कोयत्यावर तांबूस पूड दिसायची. म्हणून बाबांचा नियम होता, तेल लावल्याशिवाय लोखंड पडवीत घ्यायचं नाही. कोयता, विळा, कुदळ, फावडं, सायकलची साखळी, आयची विळी, सगळ्यांना संध्याकाळी खोबरेलाचं फडकं फिरायचं. चिमणी विझवण्याइतकी ती सवय होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद उघडून पाहिलं, तर प्लेटच्या मधल्या लोखंडी भागावर तांबडा ठिपका! विश्वासाने सोपवलेली वस्तू, आणि माझ्या ताब्यात गंजते! पुढचं सांगितलंच आहे. लायनिंग तेल फार पितं याचं मला कौतुकही वाटलं. तहानलेलं दिसतं बिचारं, म्हणून आणखी पाजलं. मग वरून कोरडं पुसलं, कागदात गुंडाळलं, आणि चांगल्या कामाचं समाधान घेऊन आयने वाळवलेली दोन सुकेळी खाल्ली.

सील आलं. हरीकाकांनी ते कसं बसवलं हे मी पाहिलंय, आणि पुढे जे झालं त्यामुळे ते पाहणं मला चांगलंच महागात पडलं. डोळे मिटून घेतले. सिलाच्या कडेला ग्रीस लावून ते जागेवर टेकवलं, आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडीचे इतके हलके ठोके मारत गेले की झोपलेलं पोर उठू नये. ठोका, मग बोट कडेवरून गोल. ठोका, मग बोट गोल. अर्धा तास तेच. मग म्हणाले, "बसलं. आता प्लेट. माझ्या हाताला ग्रीस हाय, मी नाय शिवत तिला. तू आन कोरड्या हातानं, आनि धर. तिला तेलाचा नुसता डाग लागला ना, तरी ती कामातून गेली. कोनाचा तेलकट हात लागला नाय ना तिला?"

प्लेट माझ्या हातात होती. तिच्यात किती तेल मुरलंय हे जगात एका माणसाला माहीत होतं. मी म्हणालो, "नाही, हरीकाका."

का म्हणालो? या प्रश्नाला मी आजवर बरीच उत्तरं तयार केली आहेत. वरून पुसली होती, कोरडी दिसत होती. शिकलेल्या माणसाने असली चूक केली हे सांगायचं कसं. आधीच नापास झालो होतो, आणखी एका विषयात कशाला. सगळी उत्तरं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. ते 'नाही' तोंडातून इतकं सहज गेलं, की जाताना त्याने मला विचारलंसुद्धा नाही.

ट्रॅक्टर जोडला गेला. पहिले दोन दिवस पट्टा असा वाजला की आय म्हणाली, तरुण झाला म्हातारा. मलाही वाटलं, तेल निभावलं. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं, इंजिन तापलं, लायनिंग तापलं, आणि प्यालेलं तेल ओकायला लागलं. चट्ट... आणि काही नाही. इंजिन गरजतंय, पाटातलं पाणी बोटभर झालंय. आय पदराला हात पुसत बाहेर आली, नाक वर केलं आणि म्हणाली, "उपासाचा शुक्रवार आहे ना आज? वडे कोण तळतंय?" मी म्हणालो, शेजारी असतील. एकदा खोटं बोललं की माणसाला नवीन खोटं शोधायला बाहेर जावं लागत नाही, ते अंगणातच सापडतं.

शेजारी म्हणजे कैतानअंकल. आमचा ट्रॅक्टर बंद असताना त्यांनीच त्यांच्या पंपाचं पाणी रोज तासभर आमच्या पानवेलींना सोडलं होतं, त्यामुळे मत द्यायचा हक्क त्यांना होता, आणि हक्क नसतानाही ते देतच. कुंपणाजवळ येऊन बाबांना म्हणाले, "अंतोन, तेच दुखणं परत? मग मिस्त्रीने केलं काय? आंधळ्याकडून सील बसवून घेतलंस तू. त्याचा हात गेला आता, सगळ्यांना माहिती आहे." कालपर्यंत कोणालाच माहिती नव्हतं. पण रविवारी मिसा सुटल्यावर देवळाच्या आवारात खरंच सगळ्यांना माहिती झालं. निर्मळ गावच्या एकाने आपल्या ट्रॅक्टरचं काम हरीकाकांना सांगून ठेवलं होतं; त्याने विरारचा दुसरा मिस्त्री ठरवला. बाबा घरी आले. जेवताना म्हणाले, "वाईट झालं. चांगला माणूस. पण वय कोणाला सोडतं?" मी आंबट कालवणात भात कालवत राहिलो.

हरीकाका आले ते सायकल हातात धरून, चालत. बसले, क्लचखालच्या भोकाशी बोट नेलं. तिथे एक थेंब लटकत होता. त्यांनी तो अंगठ्यावर घेतला, बोटाने चोळला, नाकाशी नेला. तपकिरीने मेलेल्या त्या नाकाने काही सांगितलं नाही. ते बराच वेळ तो अंगठा बघत बसले, म्हणजे त्यांना दिसत होतं तेवढा.

"सील," ते म्हणाले. "तिरकं बसलं असनार. बोटाला तर सरळ लागलं होतं, अंतोनभाऊ. देवाशप्पत सरळ लागलं होतं."

"असू दे हो, हरीभाऊ. होतं कधी कधी."

"माझं नव्हतं होत." मग दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून ते त्यांच्याकडे असे बघू लागले, की ते कोणा दुसऱ्याचे आहेत आणि चुकून त्यांच्याकडे आले आहेत. "डोळे गेले तवा मी म्हटलं, जाऊ द्या, बोटं हायत. आता बोटंच खोटं सांगायला लागली तर कोनाला इचारायचं? सोमवारी येतो, फोडतो, तुमचं काम नीट करून देतो. मंग पिशवी भाच्याला देऊन टाकनार. मी घरी बसनार."

मी तिथे होतो. चार पावलांवर. एवढंच म्हणायचं होतं, की काका, बोटं खरं सांगत होती. पाच शब्द. मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो आणि तांब्या भरायला मला इतका वेळ लागला की बाहेर येईपर्यंत ते गेले होते.

ईस्टर जवळ आला होता. आमच्याकडे ईस्टरच्या आधी सगळं गाव पापनिवेदनाला जातं. न जाणारा माणूस पापी असतो असं नाही, पण त्याच्याकडे बघतात. शनिवारी मी रांगेत उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला ही वाट फार सोयीची वाटली. इथे सांगायचं, फादर कोणाला सांगू शकत नाहीत, प्रायश्चित्त म्हणून चार-पाच प्रार्थना म्हणायच्या, बाहेर येताना माणूस धुतलेला. गुडघे टेकून मी जाळीपलीकडे सगळं सांगितलं: प्लेट, तेल, सील, थेंब, अंगठा. फादर आमच्या गावचे नव्हते, बदलून आलेले, वयस्कर. मधे एकदा त्यांनी विचारलं, "क्लच म्हणजे नक्की काय?" मी खालच्या आवाजात क्लच समजावून दिला. माझ्या मागे उभ्या असलेल्या बायकांना वाटलं असेल, याची पापं संपता संपत नाहीत.

सगळं सांगून झालं. मी प्रायश्चित्ताची वाट बघत होतो.

"तेल लावलंस, ते पाप नाही," ते म्हणाले. "तो अडाणीपणा. त्याला आमच्याकडे काही नाही. पण तो माणूस आता घरी बसणार म्हणतोस?"

"हो, फादर."

"मग हे मला कशाला सांगतोस? मला क्लच कळत नाही. ज्याला कळतो त्याला जाऊन सांग, आणि मग इकडे ये."

मला प्रायश्चित्तही न देता परत पाठवलं. मी बाहेर पडताना रांगेतल्या आयने माझ्याकडे पाहिलं, कारण प्रायश्चित्ताच्या प्रार्थना म्हणायला पुढच्या बाकावर न बसता मी सरळ दाराकडे निघालो होतो. देवळाबाहेर सायकल होती.

हरीकाकांचं घर मी आधी पाहिलं नव्हतं. मिठागराच्या बांधावरून वाट जाते, पुढे भाताची कोरडी खाचरं, मग शेणाने सारवलेलं अंगण. ते ओट्यावर बसले होते. समोर पोतं अंथरून त्यावर नटबोल्ट आवळायचे पाने मांडले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. शेजारी त्यांच्या मालकीणबाई रॉकेलच्या फडक्याने एकेक पाना पुसून पुढे करत होत्या. एखाद्याचे कपडे दुसऱ्याला द्यायला काढावेत तसे ते पाने होते.

"कोन? इनास? बस. पानी आन गं."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. "हरीकाका, प्लेटला मी तेल लावलं होतं. खोबरेल. गंजू नये म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो."

मालकीणबाईंचा हात थांबला. हरीकाकांनी हातातला पाना पोत्यावर ठेवला. मग विचारलं, "दोनी बाजूला?"

"हो."

"किती?"

"पीत होती तेवढं."

"आनि मी परवा तिथं बसून माझी बोटं बघत होतो तवा तू कुठं होतास?"

"तिथेच."

ते उठले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी ओट्याच्या खांबाला धरून खाडीकडे तोंड केलं आणि तसेच उभे राहिले. आज माझं वय त्या दिवशीच्या त्यांच्या वयाच्या पुढे गेलंय. माझेही हात आता चहाच्या कपाशी कधी कधी खोटं बोलतात. म्हणून ती पाठ मला आता जास्त कळते. तेव्हा फक्त एवढं दिसलं, की सदऱ्याच्या आत खांदे हलतायत, आणि मी जमिनीकडे बघितलं.

"सोमवारी येतो," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "बापाला तू सांगायचं. मी सांगनार नाय. आनि त्या शेजारल्याला पन बोलव."

सोमवारी आंब्याखाली बाबा, आय, कैतानअंकल आणि हरीकाका यांच्यासमोर मी तेच पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना सोपं जातं असं म्हणायला हवं, पण नाही जात. आयने तोंडावर पदर घेतला; रडत होती की शुक्रवारचे वडे तिला आठवले होते, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. कैतानअंकलनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं नाही. बाबा माझ्याकडे बघितलेच नाहीत. त्यांनी टोपी काढली, हरीकाकांसमोर गेले आणि म्हणाले, "हरीभाऊ, माझ्या घरातून तुमचं नाव गेलं. चूक माझ्या घरची." बाबांचा आवाज असा बारीक झालेला मी पुन्हा ऐकला नाही.

"आधी बघू तर," हरीकाका म्हणाले. "बघितल्याबिगर काय खरं नाय."

मग त्यांनी मला ट्रॅक्टर फोडायला लावला. स्वतः दगडावर बसले आणि तोंडाने सांगत गेले, फार थोडं. बॉनेट, बॅटरी, दांडे, चिंध्या, पाचरी. पाचरी ठोकल्यावर त्यांनी काठीने त्या दोनदा टोकून पाहिल्या. शेवटचा बोल्ट काढला, बाबांनी आणि मी चाकं ओढली, टक् झालं, रेघ उघडली. प्लेट निघाली, काळी, चकचकीत, जळक्या खोबरेलाचा भपकारा मारणारी. ती कोणी बघितली नाही. सगळे सिलाकडे बघत होते.

हरीकाका उठले. आयकडे साबण मागितला, बादलीत हात धुतले, धोतराला कोरडे केले. मग त्या दोन भागांच्या मधे, पोकळीत वाकून उभे राहिले, डोळे मिटले आणि तर्जनी सिलाच्या कडेवर ठेवली. बोट गोल फिरलं. एक फेरा. मग उलट फेरा. मग तिसरा, इतका हळू की वरच्या आंब्यातला तांबट किती वेळा 'टुक टुक' करून गेला ते मी मोजू शकलो असतो. मग दुसऱ्या सिलावर तसेच तीन फेरे. मग ते बोट त्यांनी बाहेर काढलं आणि बाबांच्या नाकासमोर धरलं.

"बघा. तुम्हाला दिसतं. काय हाय?"

"कोरडं आहे," बाबा म्हणाले.

"तुमी पन बघा, कैतानशेठ."

कैतानअंकल कुंपण ओलांडून आले, वाकले, आणि त्या बोटाकडे आल्ताराकडे बघावं तसं बघितलं. "कोरडं आहे," ते म्हणाले. "एकदम कोरडं."

हरीकाकांनी डबी काढली आणि तपकिरीची चिमूट इतकी मोठी ओढली की शिंकांनी पुढची पाच मिनिटं गेली.

दुसरं लायनिंग मारलेली प्लेट त्यांनी बरोबरच आणली होती. ती मी स्वच्छ हातांनी धरली, आणि हरीकाकांनी सांगितलं त्या क्रमाने बोल्ट मीच आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे, एकदम नाही. दोन भाग पुन्हा एक करताना गिअरबॉक्सचा दांडा प्लेटच्या भोकात जाईना. मी ढकलत होतो, घाम गळत होता. ते म्हणाले, जोर नको, मागचं चाक बोटभर फिरव. फिरवलं, आणि सगळं लोखंड सुस्कारा टाकल्यासारखं जागेवर आलं. पट्टा चढला. चट्ट, चट्ट, चट्ट. पाट भरून वाहायला लागला, आणि आयने मिरच्यांना वाट करून दिली. दुपार सगळी तो तसाच चालवला, मुद्दाम, तापवून. घसरला नाही.

चहा झाला. हरीकाकांनी पाने पिशवीत भरले, मोजून, आणि पिशवी सायकलला बांधली. बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघाले; मी मागून पंपाच्या ऑइलचा डबा घेऊन, शक्य तेवढा मागे. फाटकाशी बाबा थांबले. कॉलेज संपलं होतं, माझं पुढे काय करायचं हा प्रश्न घरात बरेच दिवस कोणी मोठ्याने विचारला नव्हता.

"हरीभाऊ," बाबा म्हणाले, "खरं सांगा, माझ्याकडे बघून सांगू नका. पोराच्या हातात काही आहे का?"

हरीकाकांनी सायकल टेकवली. माझ्यापर्यंत चालत आले, डबा खाली ठेवायला लावला, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे केले, अंगठ्याने तळवे दाबले, एकेक बोट वाकवून पाहिलं, आणि ते हात नट परत डब्यात टाकावा तसे सोडून दिले.

"हात बरे हायत," ते बाबांना म्हणाले. "मुंडकं तेवढं बदली करा."